पावणीची उडी आणि शेवटचे पाच सेकंद

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या आडपईचा. वय 32. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी आजीची पेटी उघडली तेव्हा तळाशी पोर्तुगीज अमलातला 1881 चा चांदीचा रुपया मिळाला आणि तेव्हापासून जुन्या नाण्यांचा नाद लागला. ऑनलाइन लिलावात बोली लावतो. गेल्या वर्षभरात सात वेळा हरलो. सातही वेळा शेवटच्या काही सेकंदांत कुणीतरी येऊन नाणं उचललं. एकदा चिडून बोली लावतच राहिलो आणि जिंकलो. महिनाभरात तसलंच नाणं जवळजवळ निम्म्या किमतीत गेलेलं पाहिलं.

मित्र म्हणतो, शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत हात बांधून बस. बाबा पूर्वी मानशीची (खाडीच्या बांधातल्या झडपेपाशी मासे धरण्याच्या हक्काची) पावणी, म्हणजे जाहीर लिलाव, घ्यायचे. ते म्हणतात, पहिल्याच बोलीला अशी उडी मार की बाकीचे गप्प झाले पाहिजेत. बायको म्हणते, हा मटका आहे. येत्या रविवारी रात्री मला हव्या असलेल्या एका नाण्याचा लिलाव संपतोय. शिवाय फोंड्यात बँकेने ताब्यात घेतलेला एक टू बीएचके फ्लॅट ई-लिलावात आलाय, राखीव किंमत 32 लाख. कोणाचं ऐकू?

— हरलेला बोलीवाला

*

अरे बाबा,

तुझे बाबा मानशीच्या पावणीबद्दल बोलतात, मित्र एका ठरावीक तऱ्हेच्या साइटबद्दल बोलतो आणि बायको तुझ्याबद्दल बोलते. तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या जागी वापरलास की पैसे गेले.

तुझ्या सात पराभवांपासून सुरू करते, कारण मला वाटतं त्यातले बरेचसे पराभव झालेच नाहीत. तू लिहितोस, शेवटच्या सेकंदाला कुणीतरी नाणं उचललं. मला शंका अशी येते की तुला घड्याळाने हरवलं नाही. तू खरा आकडा लिहिलाच नव्हतास.

बऱ्याच साइटवर आपण टाकतो तो आकडा म्हणजे आपली बोली नसते, आपली कमाल मर्यादा असते. तिथपर्यंत साइट आपल्या वतीने बोलत राहते. कुठे त्याला प्रॉक्सी बिड म्हणतात, कुठे ऑटो बिड. समजा नाणं 500 रुपयांपासून सुरू झालं, टप्पा, म्हणजे दर बोलीला किमान वाढ, 100 चा. तू 4,000 टाकलेस. दुसऱ्या कुणाची मर्यादा 2,600 आहे. पडद्यावर तू 2,700 ला पुढे दिसशील. उरलेले 1,300 तुझ्या खिशात, कुणाला दिसतसुद्धा नाहीत. आता शेवटच्या दोन सेकंदांत तिसरा उगवला आणि त्याने 3,500 टाकले, तर साइट तुझ्यातर्फे 3,600 म्हणणार आणि नाणं तुझंच. दोन सेकंद उरलेले असोत की दोन दिवस, फरक पडत नाही. तुला मागे टाकायचं तर त्याचा आकडा 4,000 च्या वर हवा. आणि 4,000 हा जर तुझा खरोखरचा शेवटचा आकडा असेल, तर त्याच्या वर गेलेलं नाणं तू हरलास असं म्हणता येत नाही. साडी महाग वाटली म्हणून दुकानातून रिकाम्या हाताने आलेल्या बाईला साडी हरून आली असं कोण म्हणतं?

पण तू 4,000 टाकले नसणार. आधी 1,500 टाकले असशील. कोणी पुढे गेलं की 1,800, मग 2,200, आणि मनात म्हणाला असशील, गरज पडली तर बघू. ती गरज शेवटच्या पाच सेकंदांतच पडते आणि तेव्हा तुझा अंगठा फोनचं कुलूप उघडत असतो.

गोवा मुक्त झाला त्याच 1961 साली अमेरिकेत विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध छापला. (आडनाव खरंच तसं आहे, मी रचलेलं नाही.) त्यातली एक पद्धत अशी: सगळ्यांनी बंद पाकिटात बोली द्यायची, सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला वस्तू मिळायची, पण त्याने किंमत द्यायची ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची. असा नियम असला की चलाखीला जागाच राहत नाही. मनातल्या आकड्यापेक्षा कमी लिहिलास तर किंमत काही कमी होत नाही, ती दुसऱ्याच्या पाकिटावरून ठरते. कमी होते ती वस्तू मिळण्याची शक्यता. जास्त लिहिलास तर कधीतरी नको त्या भावात ती गळ्यात पडते. म्हणून खरा आकडा लिहिणं हेच सर्वांत हुशारीचं. 1996 मध्ये विक्रींना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते वारले. तुझ्या साइटवरची ऑटो बिड म्हणजे जवळपास तेच पाकीट आहे, फक्त दुसऱ्याच्या बोलीवर एक टप्पा चढवलेला.

मग मित्राच्या पाच सेकंदांत काहीच दम नाही का? आहे. विक्रींच्या पाकिटातला आकडा कोणाला दिसत नाही आणि कोणी परत येऊन तो बदलू शकत नाही. साइटवर मात्र माणसं आठवडाभर ये-जा करत असतात. तू सोमवारी 4,000 टाकून ठेवलेस की तुझ्यासारखाच एखादा 'गरज पडली तर बघू'वाला रोज संध्याकाळी येतो, शंभर-शंभर चढवतो आणि 'अजून एकदाच' म्हणत तुझ्या मर्यादेला येऊन भिडतो. त्याने आपला खरा आकडा ठरवलेलाच नसतो, तुझी बोली बघून तो ठरवत असतो. शेवटच्या क्षणी आलास तर त्याला विचार करायला वेळ मिळत नाही. मित्राच्या सल्ल्याचा फायदा एवढाच, पण तो खरा आहे.

नाण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली एक अभ्यास छापला. तेव्हा अ‍ॅमेझॉनही लिलाव चालवत असे. ईबे या लिलावाच्या साइटवरचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद व्हायचा. अ‍ॅमेझॉनचा नियम वेगळा होता: शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढायची आणि सलग दहा मिनिटं शांतता झाल्याशिवाय लिलाव संपायचा नाही. ईबेवर शेवटच्या क्षणी येणाऱ्यांची झुंबड, अ‍ॅमेझॉनवर ती कितीतरी कमी. माणसं तीच, नियम वेगळा. त्यातही ईबेवर संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावात ही झुंबड जास्त. का? संगणक काय आहे ते डब्यावर लिहिलेलं असतं. जुनं नाणं अस्सल की नकली हे जाणकारालाच कळतं. जाणकाराने बुधवारीच बोली लावली की बघणारे म्हणतात, 'अरे, हा माणूस यात आहे म्हणजे माल खरा', आणि सगळे धावतात. म्हणून जाणकार गप्प बसतो आणि शेवटी येतो. तुझी सात नाणी उचलणाऱ्यांत असे दोन-तीन नक्की असतील. त्यांचा राग धरू नकोस. ते कुठल्या नाण्यावर आले आणि कुठल्यावर आलेच नाहीत, हे वहीत लिहून ठेव. फुकटची शिकवणी आहे.

आता बाबांकडे येते. मानशीची पावणी मी लहानपणी पाहिली आहे. बांधावर माणसं जमलेली, पावणी घालणारा आकडा पुकारतोय, एक वार, दोन वार, आणि तिसऱ्या वाराला तो मुद्दाम श्वास घेतो. त्या श्वासात कोणी बोललं की मोजणी परत पहिल्यापासून. म्हणजे रॉथ आणि ओकेनफेल्सनी अ‍ॅमेझॉनवर जी मुदतवाढ पाहिली ती आपल्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनींच्या, बांधावर केव्हापासून चालू आहे. तिथे पाच सेकंद राखून ठेवणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण शेवटचे पाच सेकंद अशी गोष्टच नसते.

बाबांची उडी तिथे का चालायची तेही बघ. बोलणारे सगळे एकमेकांना ओळखणारे. मानशीतून वर्षाला किती मासळी निघते याचा प्रत्येकाला साधारण अंदाज. अशा जागी कुणी एकदम मोठा आकडा बोलला की बाकीच्यांना दोन गोष्टी समजतात: याला ती हवीच आहे, आणि याच्याशी भिडलो तर वर्षभर बांधावर तोंड चुकवत फिरावं लागेल. गप्प बसणं सोयीचं होतं. ऑनलाइन तुला कोण ओळखतो? तू 'जी एस 4471' असं काहीतरी नाव घेऊन बसलेला. तुझा कमाल आकडाही कोणाला दिसत नाही. ज्याला दिसतच नाही तो घाबरणार कसा? आणि जिथे ऑटो बिड नाही, टाकला तोच आकडा लागू होतो, तिथे तर ही उडी म्हणजे 2,700 ला मिळालं असतं ते नाणं स्वतःहून 4,000 ला घेणं.

(लिलाव हा शब्दच मुळात पोर्तुगीज 'लेइलांव'वरून मराठीत आला. 1583 मध्ये गोव्यात येऊन आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या लिन्सखोटेन नावाच्या डच माणसाने लिहून ठेवलंय की जुन्या गोव्याच्या रुआ दिरेतावर, म्हणजे सरळ रस्त्यावर, रविवार आणि सणाचे दिवस सोडून रोज सकाळी सात ते नऊ लिलाव भरायचा. घोडे, मसाले, गुलाम माणसं, मेलेल्यांच्या घरातलं सामान, सगळं तिथे पुकारलं जायचं. तेव्हा घाईत फसलेलेही असणारच, त्यांची पत्रं कोणी छापली नाहीत एवढंच.)

बायको म्हणते मटका. तिला हसू नकोस. मीही एकदा तसाच खेळ खेळले आहे. बरीच वर्षं झाली, एका साइटवर भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दिसलं. आमच्या म्हापशाच्या घरी आजोबांचं होतं अगदी तसं. मी पाच हजार ठरवले होते. रात्री अकराला समोर एकच माणूस उरला आणि मला घड्याळ दिसेनासं झालं, तो माणूस तेवढा दिसायला लागला. मी थांबले 9,400 वर, तेही तो थांबला म्हणून. घड्याळ आलं, उघडलं, तर आतलं जुनं यंत्र काढून सेलवर चालणारं बसवलेलं आणि लंबक नुसता शोभेला. वर्णनात लिहिलं होतं 'चालू स्थितीत'. चालू होतंच की! विकणाऱ्याला खोटं पाडायला मला एक शब्द सापडला नाही. आमचे हे आजही वेळ विचारली की म्हणतात, 'नऊ वाजून चारशे'.

मी तेव्हा काय चुकले ते नीट सांगते, कारण तुझ्या त्या एका विजयात तेच झालंय. एक तर मी आकडा ठरवला होता पण कुठे लिहिला नव्हता, आणि न लिहिलेला आकडा रात्री अकराला पातळ होतो. दुसरं, मी वस्तूला बोली लावायची सोडून माणसाला बोली लावली. आणि तिसरं जास्त सूक्ष्म आहे. 1971 मध्ये तेलाच्या कंपनीत काम करणाऱ्या तीन इंजिनिअरांनी लिहिलं की समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा फार कमी लागतं. कारण साधं आहे. खाली किती तेल आहे हे कोणालाच माहीत नसतं, प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तो. दहा जणांत तू सर्वांत पुढे आहेस याचा अर्थ नऊ जणांना ती वस्तू तेवढ्याची वाटलेली नाही. त्या नऊ जणांत एखादा तरी तुझ्यापेक्षा जास्त जाणणारा असेल.

यातून तुझ्या कामाचं सूत्र निघतं. नाणं आजीच्या पेटीतल्या नाण्याचा जोडीदार म्हणून कायमचं ठेवायला हवं असेल, तर त्याची तुझ्या लेखी जी किंमत आहे ती लिही आणि लोकांची पर्वा करू नकोस. पुढे विकायचं डोक्यात असेल, तर अंदाज काढ आणि त्यातून थोडं कापून मगच लिही. बोली लावणारे जितके जास्त, तितकं कापणं जास्त. लोकांची सवय नेमकी उलटी असते, गर्दी बघून चेव येतो.

अंदाज कसा काढायचा? विकणाऱ्याने लिहिलेल्या किमतीवरून मुळीच नाही. झालेल्या लिलावांचे निकाल साइटवर असतात, त्यात तेच साल, तीच टांकसाळ, साधारण तशीच झीज असलेली पाच-सहा नाणी शोध. सर्वांत महाग गेलेलं बाजूला काढ, त्या दिवशी माझ्यासारख्या दोन वेड्यांची गाठ पडली असेल. उरलेल्यांचा मधला भाव घे. तू जिंकलास तेव्हा हे केलं असतंस तर महिन्याने धक्का बसला नसता.

त्यातून वरचे खर्च वजा करायचे, आणि बहुतेक जण फसतात ते इथे. नाण्यांच्या लिलावगृहात हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे ज्या बोलीला लिलाव सुटतो तिच्यावर, घेणाऱ्याकडून टक्केवारी घेतात, त्या टक्केवारीवर जीएसटी, वर टपालखर्च आणि विमा. समजा नाण्यापायी एकूण 6,000 च्या वर जायचं नाही, टक्केवारी 15, तिच्यावर 18 टक्के कर आणि टपाल 150. तर तू लिहायचा आकडा 6,000 नाही, सुमारे 4,970 आहे. नाण्यावरचा कर वेगळा लावत असतील तर आणखी खाली. अटींचं पान वाच, ते कंटाळवाणं असलं तरी घड्याळापेक्षा स्वस्त पडतं. ईबेची भारतातली साइट 2018 च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. त्यामुळे लिस्बनच्या विक्रेत्याकडून घेतलंस तर परदेशी टपाल आणि कस्टम यांचाही हिशेब आला.

नाणं हाती आल्यावर काटा वापर. तुझ्या आजीचा 1881 चा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला आहे आणि वजनाने ब्रिटिश रुपयाइतकाच, 11.66 ग्रॅम. झिजून थोडं कमी भरेल, पण दहाच्या खाली गेलं किंवा लोहचुंबकाला चिकटलं तर विषय संपला. तुझ्याकडच्या नाण्यावर दुसरं ठेवून कडा ताडून बघ. आणि कृपा करून आजीचं नाणं चिंचेने घासू नकोस. चकचकीत केलेल्या जुन्या नाण्याची किंमत जाणकारांत खाली जाते.

आणखी दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी भराभर सांगून टाकते. एखादा बोलीवाला त्याच एका विक्रेत्याच्या मालावर सतत बोलतो आणि कधी जिंकत नाही असं दिसलं तर तो विक्रेत्याचाच माणूस समज, आणि त्या दुकानापासून लांब राहा. हरल्यावर 'पहिलं गिऱ्हाईक मागे हटलं, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो, थेट खात्यावर पाठवा' असा निरोप आला तर साइटच्या बाहेर एक पैसा देऊ नकोस. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तूत येतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या कोणी मोठा भाव देऊ केला तरी आजीचा रुपया पार्सलात घालू नकोस. आणि 'तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच लोकांना सावध केलंय.

आता रविवार. आजच नियम वाचून ठेव: मुदत ठरल्या सेकंदाला संपते की शेवटच्या बोलीने वाढते? संपत असेल तर मित्राचं ऐक, पण पाच सेकंद नको. पावसात आपल्याकडे वीज आणि नेट कधी दगा देईल सांगता येत नाही, तेव्हा पंधरा-वीस सेकंद आधी टाक. फोनच्या घड्याळावर जाऊ नकोस, साइटवरची उलटी मोजणी बघ. टाकायचा तो एकच आकडा, पूर्ण, आणि गोल नको. दोघांनी 5,000 च लिहिले तर बहुधा आधी लिहिणाऱ्याला मिळतं आणि शेवटी येणारा तू असणार. म्हणून 5,037 सारखं काहीतरी. मुदत वाढत असेल तर या सगळ्याची गरजच नाही. दुपारी ऑटो बिड टाक आणि फोन बाजूला ठेवून बायकोबरोबर कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जाऊन ये. आकडा शनिवारी कागदावर लिहून तिच्याकडे दे. रविवारी रात्री तो वाढवायचा झाला तर तिची परवानगी लागेल असं ठरवून टाक. तिला मटक्याची भीती वाटते ती नाण्याची नाही, न संपणाऱ्या 'अजून एकदाच'ची आहे.

फ्लॅटचं प्रकरण मात्र निराळं. इथे एक टप्पा म्हणजे दहा-पंचवीस हजार रुपये असतो, आणि घड्याळ बहुतेक बाबांच्या पावणीसारखं चालतं: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की मुदत पाच मिनिटांनी वाढते, परत आली की परत वाढते. म्हणजे मित्राचा सल्ला इथे बाद. बाबांची उडी? दोघे-तिघेच बोलीवाले असतील तर एखाद्या वेळी चालेलही, पण तिची किंमत काही लाख असू शकते. मी तर म्हणेन एकेक टप्पा चढ आणि कागदावरच्या आकड्याला थांब.

इथली खरी लढाई बोलीच्या आधी आणि नंतर असते. राखीव किंमत 32 लाख म्हणजे बयाणा बहुधा दहा टक्के, 3,20,000. समजा 36 लाखांना तुझ्यावर सुटला. सरफेसी कायद्याच्या (बुडीत कर्जाचं तारण बँकेला विकू देणाऱ्या कायद्याच्या) नियमाप्रमाणे त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत एकूण 25 टक्के भरावे लागतात, म्हणजे 9 लाख. बयाणा वजा जाता आणखी 5,80,000 तेवढ्या वेळात हवेत. उरलेले 27 लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदत वाढवून मिळू शकते, जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत, पण बँक राजी झाली तर. आणि पैसे जमले नाहीत तर भरलेले बुडतात. हे बुडणं योग्यच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलंय, कर्ज वेळेत मिळालं नाही ही सबब चालत नाही. तेव्हा गृहकर्जाची मंजुरी हातात असल्याशिवाय बयाणासुद्धा भरू नकोस. नाण्याच्या लिलावात चुकलास तर काही हजार जातात, इथे बाबांची बचत जाईल.

जाहिरातीत 'जसं आहे, जिथे आहे, जे काही आहे' अशा अर्थाचं वाक्य असणारच. त्याचा अर्थ सोसायटीची थकबाकी, वीज-पाण्याची बिलं, पंचायतीची किंवा पालिकेची घरपट्टी, सगळं तुझ्या डोक्यावर. या सगळ्या रकमा विचारून आणि मुद्रांक शुल्क धरून तुझ्या कमाल आकड्यातून वजा कर, नाण्याच्या टपालासारखंच. भोगवटा दाखला आहे का विचार. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक असते, म्हणून गहाणखतावर दोघांच्याही सह्या आहेत का हे वकिलाकडून तपासून घे. वकिलाची फी ही बोलीतला पहिला टप्पा समज.

आणि जाहिरातीत ताबा कुठला लिहिलाय ते बघ, प्रत्यक्ष की प्रतीकात्मक. प्रतीकात्मक असेल तर बँकेने दारावर कागद चिकटवलाय, माणूस अजून आत राहतोय, आणि त्याला बाहेर काढायला जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत किती खेपा होतील ते कोणी सांगू शकत नाही. बँकेचा अधिकारी सकाळी अकराला फ्लॅट दाखवेल, ते बघच. पण एकदा कोणाला न सांगता संध्याकाळी सातच्या सुमारास त्या इमारतीखाली जाऊन उभा राहा आणि त्या खिडकीत दिवा लागतो का बघून ये.

— मावशी